खोकाभर कॅसेटी: ऐकायच्या कशा, द्यायच्या कशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या पश्चात त्यांच्या शास्त्रीय संगीताच्या सत्तरेक कॅसेटींचा खोका तुमच्याकडे आला आहे. निम्म्या बाजारात मिळायच्या तशा, निम्म्या कुणाकुणाकडून भरून घेतलेल्या. तुमच्यासारखेच ऐकणारे चार-पाच मित्र आहेत. यातलं काय ठेवायचं, मित्रांना कसं द्यायचं, आणि या खोक्यापलीकडचं चांगलं गाणं शोधायचं कसं?

मी हा उद्योग चाळीसेक वर्षं करतोय. आधी स्पूलवरून, म्हणजे मोठ्या उघड्या चकतीवरच्या फितीवरून कॅसेटवर, मग कॅसेटवरून सीडीवर आणि आता हार्ड डिस्कवर. या काळात एक गोष्ट पक्की कळली. गाणी हरवत नाहीत, ती कुठे ना कुठे, कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात. हरवते ती गाण्याबरोबरची चिठ्ठी. कोण गातंय, साथीला कोण, कुठे, कधी, कोणत्या वेळी, आणि ही प्रत कुणाकडून कुणाकडे आली. त्यामुळे यंत्र दुरुस्त करून घेण्याआधी कॅसेटींच्या आतल्या कागदांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कॅसेटवरच्या लेबलचेही काढा, कारण आतला कागद आणि कॅसेट यांची अदलाबदल झालेली असते. माझ्या अनुभवात दहातल्या एका डबीत भलतीच कॅसेट निघते.

दुसरं काम याच आठवड्यात करा. काकांबरोबर गाण्याला जाणारे, त्यांना कॅसेटी भरून देणारे जे कोणी असतील त्यांना भेटा. यादी वाचून दाखवू नका, थोडं गाणं लावा. ‘ही तर त्या शाळेच्या सभागृहातली बैठक, मागे पंखा वाजायचा’ असं वाक्य गाणं ऐकूनच निघतं. निघालं की तसंच्या तसं, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून घ्या.

बाजारातल्या कॅसेटींवर फार वेळ घालवू नका. त्यांतल्या बहुतेक पुढे सीडीवर आल्या, आता ऑनलाइन सापडतात आणि तिथला आवाज तुमच्या झिजलेल्या कॅसेटपेक्षा बरा असतो. छोट्या, बंद पडलेल्या कंपन्यांच्या कॅसेटी मात्र बाजूला ठेवा. खरा ऐवज भरून घेतलेल्या कॅसेटींत असतो आणि गोंधळही तिथेच.

गोंधळ किती होतो ते माझ्याच फजितीवरून सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका खासगी बैठकीचा स्पूल माझ्याकडे आला. गायकाचं नाव माहीत होतं, रागाचं नव्हतं. अंग कानड्याचं, म्हणजे वळण कानडा या रागकुळाचं, धैवत कुठेच नाही. मी कागदावर ‘नायकी कानडा?’ असं लिहिलं, प्रश्नचिन्हासकट. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं नुसती तंबोऱ्यांची जुळवाजुळव, खाकरणं, कुणीतरी ‘पुढे या, पुढे या’ म्हणतंय, असं सगळं होतं. ते कापून टाकलं, गाणं स्वच्छ केलं आणि चार जणांना दिलं. स्पूल ज्याचा त्याला परत केला.

आठ-नऊ वर्षांनी तेच मुद्रण एका तरुण श्रोत्यानं मला मोठ्या प्रेमानं ‘दुर्मीळ’ म्हणून आणून दिलं. वर लिहिलं होतं: नायकी कानडा. प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळालं होतं. मलाही आता तो नायकीच वाटायला लागला होता, हे कबूल करतो. पुढे मूळ स्पूलच्या मालकाकडे सहज गेलो असता त्यानं तो पुन्हा लावला. मी कापलेल्या त्या तीन मिनिटांत, तंबोऱ्यांच्या मागे, चिमण्यांचा किलबिलाट होता. भरपूर. बैठक सकाळची होती. नायकी रात्री गातात. कानड्याच्या घरातला, धैवत नसलेला आणि दिवसा गायचा राग म्हटला की सुहा. त्या कानानं पुन्हा ऐकलं तेव्हा मध्यमावरचं ते थांबणं आधी कसं ऐकू आलं नाही याचं मलाच नवल वाटलं. पुरावा मुद्रणात होता, आणि मी तो कचरा म्हणून फेकला होता.

म्हणून सांगतो, काही कापू नका. जुळवाजुळव, दाद, मध्येच चहा विचारणारा आवाज, शेवटची निवेदकाची दोन वाक्यं, सगळं राहू द्या. मित्रांना गाणं तेवढंच हवं असेल तर वेगळी प्रत करा. जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकू नका, ‘खात्री नाही’ असं अक्षरात लिहा. चिन्ह गळतं, शब्द सहसा गळत नाहीत.

आता कॅसेट संगणकावर घेण्याबद्दल. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा सावकाश पुढे आणि मागे फिरवून घ्या, म्हणजे फीत मोकळी होते. एकशेवीस मिनिटांच्या कॅसेटीची फीत फार पातळ, तिला वेगानं फिरवू नका. हेड, म्हणजे यंत्रातला फितीवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटनं पुसा. आवाज दबका वाटला तर फीत खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. बऱ्याचदा भरणाऱ्याच्या यंत्राचं हेड किंचित तिरकं असतं आणि तुमच्या यंत्राच्या हेडचा छोटा स्क्रू थोडा फिरवला की तंबोरा एकदम खुलतो. सतारीची तार किंवा तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, ऐकत फिरवायचं, जिथे ती सर्वांत उजळ वाटेल तिथे थांबायचं. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, एमपीथ्री न करता ठेवा. वाटायला फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल. हातात मुळात एमपीथ्रीच आली असेल तर ती तशीच द्या. तिचं फ्लॅक करून ‘उत्तम प्रत’ म्हणून देणं म्हणजे शिळ्या भाताला वाफ देऊन ताजा म्हणणं.

खरखर काढण्याचा मोह होईल. जरा आवरा. हे सॉफ्टवेअर खरखर आणि तंबोऱ्याचे बारीक स्वर यांत फरक करत नाही. खरखर जाते आणि तिच्याबरोबर जवारीही जाते. मग गायक एखाद्या रिकाम्या खोलीत एकटाच गातोय असं वाटतं.

कधीकधी असं ऐकाल की गायक थांबला की तंबोरे आपोआप मोठे होतात आणि तो गायला लागला की मागे सरतात. ती कुणाची कलाकारी नव्हे. घरगुती टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपणहून सांभाळायचे, हळू आवाज वर ओढायचे, मोठा खाली दाबायचे. पहिल्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या कुणीतरी केलेलं मुद्रण आहे, एवढं त्यावरून कळतं. ते दुरुस्त करायच्या फंदात पडू नका.

दुरुस्त करायची एकच गोष्ट म्हणजे वेग, आणि त्यात मी थोडा रमतो. भरून घेतलेल्या कॅसेटींचा वेग हमखास चुकलेला असतो. सहा टक्के फरक म्हणजे जवळजवळ एक अख्खा अर्धस्वर. पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा गायक लगेच वरच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आवाज कोवळा होतो, ताना अद्भुत वाटतात आणि आपण ‘काय तयारी होती तेव्हा!’ म्हणतो. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर ताडून पाहा. पण माणसं वयाप्रमाणे आणि तब्येतीप्रमाणे पट्टी बदलतात, त्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. त्याहून बरा साक्षीदार म्हणजे विजेचा घूं आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या यंत्रानं भरलेल्या फितीत त्या ५० हर्ट्झचा एक बारीक गुणगुणाट उतरलेला असतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांत जागेचा आलेख काढा. तिथे शिखर ५३ वर दिसलं तर फीत सुमारे सहा टक्के जलद चालली आहे. ५० वर दिसलं तर हुरळून जाऊ नका, कदाचित ती तुमच्याच यंत्राची घूं असेल. फीत थांबवूनही ती उरते का पाहा. आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन शिखरं दिसली, समजा ४९ आणि ५२ वर, तर ही निदान प्रतीची प्रत आहे, प्रत्येक यंत्रानं आपली सही ठेवली आहे. विजेची वारंवारताही पूर्वी खालीवर होत असे, त्यामुळे हा हिशेब श्रुतीपर्यंत, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही बारीक अंतरापर्यंत ताणायचा नाही. पण अर्ध्या स्वराची चूक यातून नक्की पकडता येते.

बॅटरीवर केलेल्या मुद्रणाची गंमत वेगळी. सेल उतरत गेले की रेकॉर्डर मंद होतो, आणि नंतर नीट यंत्रावर ऐकताना गाणं शेवटी शेवटी चढत जातं. भैरवीला गायक अर्ध्या पट्टीनं वर गेलेला दिसला तर आधी सेलची आठवण करा.

जुन्या तबकड्यांवरून कॅसेटी भरल्या असतील तर त्यांनाही हा रोग आहे. ‘७८’ म्हणवणाऱ्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत, विशेषतः सुरुवातीच्या. तबकडीबद्दल चिठ्ठीवर लेबलवरचा क्रमांक तर लिहाच, शिवाय लेबलच्या कडेच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही लिहा. तो त्या विशिष्ट मुद्रणाचा. लेबल बदलतं, पुन्हा छापलं जातं, हा क्रमांक नेमकं कोणतं मुद्रण आहे ते सांगतो. आपल्याकडे चिठ्ठीची परंपरा तशी पहिल्याच दिवसापासूनची आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जाननं मुद्रण केलं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव उच्चारलं, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुठली बाई काय गाते हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. चिठ्ठी हरवू नये म्हणून ती गाण्यातच घातली!

आता मित्रांना देण्याचं. पहिली गोष्ट, कायदा. भारतात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९३०-४० च्या दशकांतल्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क केव्हाच संपला आहे, पण १९८० ची बाजारातली कॅसेट अजून कंपनीची आहे. ती लोकांत वाटायची नाही, तिचा पत्ता सांगायचा. खासगी बैठकींचं प्रकरण नाजूक. त्या कधी प्रसिद्धच झालेल्या नसतात, आणि कलाकाराचा स्वतःचाही हक्क असतो. माझा रिवाज असा: चार जणांत बसून ऐकायला हरकत नाही, जगाला खुलं करायचं तर कलाकाराला किंवा घरच्यांना विचारायचं. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि जुनी छायाचित्रं, तारखा, शिष्यांची नावं असं बरंच काही आपणहून देतात.

आणि हो, सगळं वाटायचं नसतं. उतारवयात, आवाज साथ देत नसताना, आयोजकांच्या आग्रहाखातर गायलेल्या बैठकीची चोरून केलेली मुद्रणं माझ्याकडे आहेत. ती कुणालाही दिलेली नाहीत. अभ्यासाला उपयोगी असतील, असूद्यात.

एका वेळी एकच द्या. पन्नास जीबीचा फोल्डर ही भेट नव्हे, तो भार आहे. घेणारा उतरवून घेतो आणि उघडतही नाही. एक मुद्रण, चार ओळींची चिठ्ठी, आणि ‘बाराव्या मिनिटाला तो निषादावरून परत येतो ते ऐक’ एवढं एक वाक्य. हे वाक्य लिहायला तुम्हाला ते दोनदा ऐकावं लागतं, हा त्यातला खरा फायदा.

शोधायचं कसं? नावाजलेल्या गायकांच्या याद्या करून एकेकाला ‘संपवणं’ हा रस्ता मला कधी मानवला नाही. धागा धरून जायचं. सर्वांत सोपा धागा मागे जाणारा. भीमसेन जोशी आवडतात? लहानपणी ते अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकून वेडे झाले होते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. ती तीन मिनिटं ऐका, मग भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व यांच्या तबकड्या, मग सवाई गंधर्वांच्याच शिष्या गंगूबाई हनगल. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या मुद्रणांतला आवाज पातळ, उंच आहे. पुढे घशाच्या उपचारांनंतर तो खाली उतरला आणि आपल्याला माहीत असलेला तो मर्दानी आवाज आला. सुरुवातीच्या तबकड्यांवर नावही ‘गांधारी’ असं आहे, तेव्हा नुसतं ‘गंगूबाई’ म्हणून शोधलंत तर त्या सापडणारच नाहीत. नावांचे असे खेळ लक्षात ठेवा.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत तर आजारपणाची खूण धरूनच मुद्रणं लावावी लागतात. लहानपणच्या तबकड्या, मग क्षय, देवासचा मुक्काम, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, आणि १९५० च्या दशकात परतलेलं ते छोट्या छोट्या तुकड्यांचं, मध्येच झेप घेणारं गाणं. तारीख नसलेली कॅसेट कोणत्या काळातली, हे चार मिनिटांत ओळखता यायला लागतं.

दुसरा धागा आडवा जातो: एक चीज, म्हणजे बंदिश, धरायची आणि ती वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकायची. तिसरा धागा साथीदारांचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. एखाद्या हार्मोनियमवाल्याचं किंवा तबलजीचं नाव आवडलं तर तो आणखी कुणाकुणाबरोबर वाजवायचा ते शोधा. अशानं मला तीन गायक सापडले ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती. एलपीच्या मागच्या मजकुरात साथीदारांची नावं असतात, म्हणून कव्हरची मागची बाजूही फोटो काढून ठेवायची.

रेडिओचा धागाही आहे. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासूनचा, शनिवारी रात्री लागायचा, आणि देशभर लोक टेपरेकॉर्डर लावून बसायचे. तुमच्या खोक्यात निवेदिकेचा आवाज, मागे शिट्टीसारखा बारीक नाद आणि गाण्याच्या अखेरीस हळूहळू विरत जाणारी द्रुत असं काही असेल तर ते बहुधा यातलंच. वेळ संपली की स्टेशन आवाज उतरवायचं, गायक मात्र गातच असायचा.

काही लोक धाग्याच्या शेवटाला हातच लावू देत नाहीत, हेही आधी सांगून ठेवतो. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब, त्यांचं मुद्रण नाही. गायक भास्करबुवा बखल्यांचं नाही. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी ‘सापडलं’ म्हणून काहीतरी पाठवतं. चिठ्ठी मागा. मूळ स्पूल किंवा तबकडी कुणाकडे आहे, कुणी पाहिली, एवढं विचारलं की पुढचं बोलणं आपोआप थंडावतं. अल्लादिया खाँसाहेबांकडे पोचायचा रस्ता त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या तबकड्यांतून जातो, तोच घ्या. त्यांची भैरवी ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पण केसरबाईंच्या बाकीच्या तबकड्या किती जणांनी ऐकल्यात असं विचारलं तर खोलीत शांतता पसरते.

चौघं-पाचजण बसून ऐकता तेव्हाची आमची पद्धत सांगतो, पटली तर घ्या. ज्यानं मुद्रण आणलं तो नाव सांगत नाही. एकदा ऐकायचं, मग बोलायचं, मग नाव, मग पुन्हा एकदा ऐकायचं. नाव आधी कळलं की कान सुट्टीवर जातात. एकदा एका मोठ्या गायकाच्या शिष्याचं मुद्रण आम्ही गुरूचंच समजून तासभर डोलत होतो, नाव कळल्यावर दोघांनी लगेच ‘तरी मला जरा कच्चं वाटत होतं’ असं म्हटलं. त्या दोघांपैकी एक मी. सुरुवात तीन मिनिटांच्या तबकडीनं करा. तेवढ्यात विलंबितचा भास, अंतरा, ताना, समारोप असं सगळं बसवणाऱ्या लोकांनी काय गाळलं आणि काय ठेवलं, यावर मग तासभर वाद घालता येतो.

खोका तुमच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, म्हणजे त्यात स्पूल आणि तबकड्याही असल्या, तर एकट्यानं हाताळू नका. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं ध्वनिसंग्रहालय आहे. देताना चिठ्ठ्यांसकट द्या, नाहीतर त्यांच्याकडेही ती नुसती प्लास्टिकची भर.

शेवटी तुम्ही विचारलंय की ज्यांवर काहीच लिहिलेलं नाही अशा नऊ कॅसेटी टाकून द्यायच्या का. नको. दोन्ही बाजू अखेरपर्यंत चालवून बघा, मध्ये पाच-सात मिनिटं शांतता आली तरी थांबू नका. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर सत्तर मिनिटांचं गाणं भरलं की उरलेल्या जागेत आधीचं काहीतरी तसंच राहिलेलं असतं. माझ्याकडच्या एका कोऱ्या लेबलाच्या कॅसेटवर बी बाजूच्या शेवटी आठ मिनिटांचा मालकंस आहे, अर्ध्यात तुटलेला. त्याच्या आधी एक माणूस दुसऱ्याला विचारतो, ‘चालू झालं का?’ दुसरा म्हणतो, ‘झालं. दूध आटलं की नाही बघ, आज कोजागिरी आहे.’ वर्ष अजून लागलेलं नाही, महिना मात्र पक्का आहे.